तीन खटक्यांचा फोन

"काका, हा फोन चांगला आहे का?" असं कोणी विचारलं की काका चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाला पुसायचे, परत डोळ्यांवर चढवायचे आणि एकच शब्द बोलायचे, "कोणासाठी?"

विचारणारा गडबडायचा. फोन एक तर चांगला असतो किंवा नसतो, त्यात कोणासाठी हा प्रश्न कुठून आला? पण काकांचं गाडं तिथून पुढे सरकतच नसे. मीही एकदा असंच विचारलं होतं आणि "कोणासाठी म्हणजे काय, सगळ्यांसाठी," असं तोऱ्यात उत्तर दिलं होतं. त्यावर ते म्हणाले, "सगळ्यांसाठी चांगली अशी एकच गोष्ट मला माहीत आहे बेटा, दुपारची झोप." आणि खरंच झोपायला निघून गेले.

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत मी चौथ्या मजल्यावर राहते, काका-काकू तळमजल्यावर राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण उमेदीची सगळी वर्षं दिल्लीत गेलेली. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात लागले आणि तिथूनच सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून गाझियाबादला आले तेव्हा बरोबर दोन ट्रक सामान होतं, असं काकू सांगायच्या. एका ट्रकमध्ये संसार आणि दुसऱ्यात कोऱ्या फायली, टॅग, पंच मशीन आणि बंद पडलेले कॉम्प्युटर. दुसरा ट्रक आधी उतरवला गेला, हे काकू इतक्या वर्षांनीही विसरल्या नव्हत्या.

काकांचा फोन साबणाच्या डबीएवढा जाड होता. काळा, कोपरे झिजलेला, हातात धरला की कोमट लागणारा. तो लिनक्सवर चालायचा. म्हणजे काय, हे मला काकांनी किमान सहा वेळा समजावलं. मला कळलं ते एवढंच की आपल्या सगळ्यांच्या फोनच्या आत काय चाललंय ते फक्त कंपनीला ठाऊक असतं, आणि काकांच्या फोनच्या आतलं सगळं कोणालाही वाचता येतं, बदलता येतं. सकाळी ते फोन चालू करून अंघोळीला जायचे. अंघोळ होईपर्यंत तोही तयार झालेला असायचा. काकूंनी त्याच्यासाठी जुन्या साडीची नाडीची पिशवी शिवली होती. सोसायटीतली मुलं त्या पिशवीला हसायची आणि काका त्यांच्याबरोबर हसायचे.

मी नोएडाला एका कंपनीत आहे. कंपनी कॉम्प्युटरची आहे म्हटल्यावर लोकांना वाटतं मला त्यातलं सगळं कळतं. मी एचआरमध्ये आहे. मला माणसांच्या रजा कळतात, बाकी काही कळत नाही. त्यामुळे काकांना एकदा सरळ विचारलं, "तुम्हाला तरी यातलं सगळं समजतं का हो?"

"निम्मंही नाही," काका म्हणाले.

"मग उपयोग काय?"

काकांनी फोन हातात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "आमच्या आजोबांना पोथीकडे नुसतं बघायची मनाई होती. हा फोन म्हणतो, घे, सगळं वाच. मला निम्मं कळत नाही ते माझं अज्ञान आहे. पण वाचायला बसलो तर मला कोणी उठवत नाही." एवढं बोलून त्यांनी फोन पिशवीत घातला आणि नाडी ओढली. त्यानंतर मी पिशवीला हसले नाही.

एवढं प्रेम असलेला माणूस तो फोन दिसेल त्याच्या गळ्यात मारत असेल, असं कोणालाही वाटेल. काकांचं उलटं होतं. आपल्यालाही असा फोन हवा असं कोणी म्हटलं की ते फाईल उघडत. खरीखुरी फाईल. बदामी पुठ्ठा, हिरवट नोटशीट, लाल टॅग, प्रत्येक पानाला नंबर. आधी अर्ज लेखी द्यायचा. मग मुलाखत. मग नोटशीटवर दोन रकाने: 'अर्जदारास काय हवे' आणि 'अर्जदारास काय लागते'. शेवटी शिफारस. बहुतेक फायलींवर शेवटी एकच शब्द असे: नामंजूर.

तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण मुलगा, चांगला इंजिनियर, तावातावाने आला होता. मोठमोठ्या कंपन्यांच्या गुलामीतून त्याला सुटायचं होतं. काकांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "अपडेट केल्यावर स्क्रीन काळी पडली, तर कोणाला हाक मारशील?"

"काका, तुम्हालाच ना यार... सॉरी, तुम्हालाच."

काकांनी लिहिलं, 'अर्जदारास स्वातंत्र्य हवे. अर्जदारास काका लागतो. नामंजूर.'

मुलगा हिरमुसला, पण नंतर अख्ख्या सोसायटीला ते वाक्य त्यानेच ऐकवलं.

या फायलींच्या खुळाचं मूळ मला काकूंकडून कळलं. काकांनी पहिला लिनक्स फोन आणला तेव्हा दुसरा काकूंसाठी आणला होता. वाढदिवसाची भेट म्हणून. काकू वर्षभर तो हौसेने हातात घेऊन फिरल्या. आणि काकांना वर्षभर वाटत राहिलं की पाहा, साध्या बाईलाही जमतं. एके दिवशी काका वरण लावायला गेले आणि डाळीच्या डब्यात त्यांना बटणांचा छोटा फोन सापडला. काकू बहिणीशी त्यावरून बोलायच्या.

"ह्यांच्या फोनवर बहीण 'हॅलो' म्हणायची ते मला ती बोलून थकल्यावर ऐकू यायचं," काकू हसत हसत सांगत होत्या. "मग काय करू? एवढ्या प्रेमानं दिला होता. ह्यांचं मन मोडवेना."

काका शेजारीच बसले होते. खाली बघत म्हणाले, "पहिली फाईल हिची उघडायला पाहिजे होती. मी विचारलंच नाही." काकू हसायच्या थांबल्या आणि त्यांनी विषय बदलला.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण काकांची आठवण आली की माझ्यासमोर आईच उभी राहते.

आई मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या जमान्यातली. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोन कॉर्ड. बाबा गेल्यावर मी तिला गाझियाबादला आणलं. इथे तिला कोणी ओळखीचं नव्हतं, पण तिच्या फोनवर तिचं मिरज होतं. जुन्या ऑपरेटर मैत्रिणींचा एक ग्रुप होता, त्यावर दिवसभर आवाजी निरोप यायचे. लिहायचा त्या सगळ्यांना कंटाळा, बोलायचा कोणालाच नाही. फोन वाजला की आई हातातलं पीठ न झटकता दुसऱ्या घंटेला उचलायची.

मग तो दिवस आला. कोणीतरी व्हिडिओ कॉल केला. समोर गणवेश घातलेला माणूस. तुमच्या नावाचं पार्सल पकडलं आहे, तुमची चौकशी चालू आहे, खोलीचं दार लावा, कोणाशी बोलायचं नाही, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. आता हे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत. तेव्हा मलाही माहीत होते. आईलाही मी सांगून ठेवलं होतं, असा माझा समज होता.

संध्याकाळी ऑफिसमधून आले तर आईच्या खोलीचं दार आतून बंद. किती वेळ ठोठावलं तेव्हा उघडलं. टेबलावर डब्याला टेकवून फोन उभा होता आणि त्याची बॅटरी केव्हाच संपली होती. आई त्या काळ्या स्क्रीनसमोर बसून होती. मी म्हटलं, "अगं, फोन बंद पडलाय." ती म्हणाली, "मला उठायची परवानगी नव्हती."

नुकसान काही झालं नाही, कारण आईच्या फोनमध्ये बँकेचं काही नव्हतंच. सगळे म्हणाले, वाचलात. पण आई त्या दिवसापासून फोनला हात लावेना. मिरजेहून मावशीचा फोन आला तरी तो वाजत राहायचा आणि आई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. ग्रुपवर शे-दीडशे निरोप साठले. आणि मी काय केलं? मी तिला रोज एकच विचारलं. "आई, तू फोन कट का नाही केलास? एक बटण तर दाबायचं होतं!" कधी हळू विचारलं, कधी ओरडून.  त्या दिवसांतला माझा आवाज आठवला की आजही मला माझी लाज वाटते.

तेव्हा मला काकांच्या फोनची आठवण झाली. ज्याच्यात काही चालत नाही, त्यात चोर तरी कसा शिरेल, असं माझं शास्त्र. आईच्या हातात तो देऊन टाकायचा आणि तिचा जुना फोन कपाटात ठेवायचा, हे मी मनाशी ठरवूनच खाली गेले. अर्ज लिहून नेला होता. 'माझ्या आईस लिनक्स फोन मिळावा.' खाली माझी सही.

दोन दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर काकांचा शेरा होता: 'वापरणाऱ्या व्यक्तीस विचारल्याचे दिसत नाही. त्रुटी दूर करून फेरसादर करावा.'

माझं डोकंच फिरलं. इथे माझी आई फोनच्या आवाजाला दचकतेय आणि ह्यांना त्रुटी सुचतायत. मी खाली जाऊन सांगितलं, "काका, ती घाबरलीय. तिला काय विचारायचं?"

"बेटा, घाबरलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही," काका म्हणाले. "त्या व्हिडिओवाल्यानेही नाही विचारलं. त्यानं सांगितलं, दार लावा. तूही सांगतेयस, हा फोन धरा."

मी तिथून तणतणत वर आले. पण जिने चढताना ते वाक्य बरोबर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका चार मजले चढून, काखेत फाईल मारून आमच्याकडे आले. लिफ्ट चालू होती, पण मुलाखतीला जाताना लिफ्टने जाऊ नये, म्हणे, दम लागला की माणूस आधी ऐकतो. आईने त्यांना पाणी दिलं. ते तिला ताई म्हणाले, ती त्यांना भाऊ म्हणाली. मग त्यांनी पेन काढलं आणि मी सोळा वेळा विचारलेला प्रश्न जरा वेगळा करून विचारला.

"ताई, त्या दिवशी फोन ठेवावासा वाटला होता?"

"वाटला होता की."

"अच्छा. मग काय आड आलं?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळू म्हणाली, "भाऊ, आमच्याकडे पार्टी, म्हणजे फोनवरचं गिऱ्हाईक, बोलत असताना ऑपरेटरनं लाईन तोडायची नाही. शिकाऊ असताना मी एकदा चुकून कॉर्ड उपटली होती. पलीकडं एक बाई नवऱ्याच्या तब्येतीचं विचारत होती. तिची लाईन परत लागलीच नाही. सुपरवायझरनं मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एकदाही लाईन तोडली नाही. समोरचा कितीही वाईट बोलो. हात जातच नाही हो."

मी दारात उभी होते. माझ्या आईची मी एकुलती एक मुलगी आणि हे मला माहीत नव्हतं, कारण मी 'का नाही केलास' असं म्हणत होते, विचारत नव्हते.

काका बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी मान वर केली. डोळ्यांत सरकारी चमक. असली चमक मी फक्त नियम सापडलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिली आहे.

"ताई, ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा ना? तीन मिनिटांनी ऑपरेटर मध्ये बोलायची."

"हो. 'तीन मिनिटं झाली, वाढवायची का?' असं विचारायचं."

"आणि पार्टीनं नाही म्हटलं तर?"

"तर तोडायची."

"म्हणजे तोडायचा अधिकार होता!"

"होता की. पण तीन मिनिटांनंतर. आणि पार्टीला विचारून."

"बिल्कुल," काका म्हणाले. "आता मला सांगा, तुमच्या घरी तुम्हाला फोन आला, तर पार्टी कोण?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं.  मग म्हणाली, "मीच."

"मग विचारायचं कोणाला?"

आई एकदम हसली. कितीतरी दिवसांनी हसली. काकांनी नोटशीटवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नियमात तरतूद आहे.'

काकांनी पंधरा दिवसांच्या चाचणीसाठी आपला फोन आईला दिला. मला वाटलं, माझा अर्ज मंजूर झाला. पण काकांच्या मनात वेगळंच होतं. त्या फोनच्या कडेला तीन बारीक खटके होते. एक नेटवर्कचा, एक वायफायचा, एक कॅमेरा आणि माईकचा. "ही स्क्रीनवरची बटणं नाहीत ताई. खटका खाली केला की आतला करंटच बंद. फोनला वाटलं तरी तो ऐकू शकत नाही."

आईने खटका वर-खाली करून पाहिला. "म्हणजे कॉर्ड उपटल्यासारखं."

"तेच म्हणतोय!"

मग रोज दुपारी चारला सराव. आईसाठी मी त्या दिवसांत घरूनच ऑफिसचं काम करत होते. काका खालून काकूंच्या त्या डाळीच्या डब्यातल्या फोनवरून आईला फोन करायचे आणि भामटा व्हायचे. काकांसारखा वाईट भामटा मी पाहिला नाही. "मैं मुख्यालय से बोल रहा हूँ, आपके नाम का पार्सल है, आप कृपया घबराइए!" मागून काकूंचं हसू ऐकू यायचं. आई घड्याळासमोर बसायची. पहिल्या दिवशी तीन मिनिटं झाली, चार झाली, आईचा अंगठा खटक्यावर, पण तो हलेना. अकराव्या मिनिटाला भामटाच थकला आणि म्हणाला, "ताई, चहा टाकलाय, ठेवू का?" दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आई रडली. मी म्हटलं, पुरे हा खेळ. आई म्हणाली, "तू मध्ये पडू नको."

चौथ्या दिवशी घड्याळाचा काटा तिसऱ्या मिनिटावर गेला आणि आईचा एक वेगळाच आवाज मी ऐकला. सपाट, स्वच्छ, ना राग ना भीती. मिरजेच्या एक्स्चेंजमधला असणार. "तीन मिनट हो गए," ती म्हणाली आणि खटका खाली केला. खालून काकांनी टाळ्या वाजवल्या त्या आम्हाला बाल्कनीतून ऐकू आल्या.

आता फोनचं म्हणाल, तर तो जसा होता तसाच होता. मावशीचा कॉल यायचा तेव्हा तो झोपलेला असायचा आणि जागा होऊन वाजेपर्यंत मावशी कंटाळून गेलेली असायची. मैत्रिणींचा ग्रुप त्यावर उघडेना. काकांनी आडमार्गाने उघडून दिला तर निरोप यायचे पण आवाज यायचा नाही. नवव्या दिवशी अपडेट झाल्यावर स्क्रीन काळी पडली. काका केबल आणि छोटा कॉम्प्युटर घेऊन वर आले आणि चहापासून जेवणापर्यंत आमच्या डायनिंग टेबलावर बसून राहिले. एका शनिवारी ते आईला 'स्थळ पाहणी'साठी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या, महाराष्ट्र सरकारच्या गेस्ट हाऊसच्या कॅन्टीनमध्ये घेऊन गेले, कारण आईला थालीपीठ खायचं होतं आणि काकांना फोन घराबाहेर कसा वागतो ते बघायचं होतं. टॅक्सीचं अ‍ॅप चालेना, नकाशा वाटेतल्या आयटीओ चौकाच्या पुढे सरकेना. काका रस्त्यावर उभे राहून लोकांना पत्ता विचारत गेले आणि आईला म्हणाले, "बघा, हा फोन असला की माणसांशी बोलावं लागतं." आई म्हणाली, "भाऊ, ते चांगलं आहे. पण मला उन्हात उभं राहवत नाही." काकांनी हेही फाईलमध्ये लिहिलं.

पंधराव्या दिवशी शेवटचा शेरा आईने स्वतः लिहायचा होता. तिने तो आधी वहीत कच्चा लिहिला, मग नोटशीटवर पक्का केला. तो मला पाठ आहे.

'फोन मजबूत आहे व प्रामाणिक आहे. परंतु बहिणीचा कॉल वेळेवर येत नाही. मैत्रिणींचा आवाज येत नाही. बिघडल्यास मला दुरुस्त करता येत नाही व भाऊंना चार मजले चढवणे बरे नाही. मला माझा जुना फोन हवा आहे. हा परत करीत आहे. खटका शिकले.'

खाली काकांनी लिहिलं होतं, 'वाचले. सहमत.' आणि फाईलच्या पहिल्या पानावर, जिथे 'अर्जदार लिनक्स फोनसाठी योग्य आहे काय?' असा छापील प्रश्न असे, तिथे त्यांनी दोन शब्दांची अदलाबदल करून ठेवली होती: 'लिनक्स फोन अर्जदारासाठी योग्य आहे काय?' त्यापुढच्या सगळ्या फायलींवर मग तोच प्रश्न आला.

मला हा निकाल मुळीच पटला नव्हता. एवढं करून पुन्हा तोच जुना फोन? मी कुरकुरले, तर काका म्हणाले, "बेटा, तुला तिला सुरक्षित ठेवायचं होतं. चांगलंच आहे ते. पण कपाटात कपडे सुरक्षित राहतात. तिला मिरजेशी बोलायचं आहे."

त्या हिवाळ्यातल्या एका रविवारी दुपारी आई मटार सोलत बसली होती. फोन वाजला. तिने दुसऱ्या घंटेला उचलला. पलीकडून चढलेला आवाज आला, चौकशी, पार्सल, तेच सगळं. मी स्वयंपाकघरातून धावले आणि दारातच थांबले, कारण आईने हात वर करून मला थांबवलं. ती ऐकत होती. नजर भिंतीवरच्या घड्याळावर. हातातली शेंग तशीच. मग त्याच सपाट आवाजात म्हणाली, "तीन मिनट हो गए," आणि लाल बटण दाबलं. शेंग उघडली. दाणे ताटलीत टाकले.

"तीन मिनिटं कशाला थांबलीस? लगेच नाही का तोडायचा?" मी म्हटलं.

"नियम म्हणजे नियम," आई म्हणाली.

मी चार मजले उतरून खाली गेले. काकांनी दार उघडलं. एचआरमध्ये राहून आभार मानायची माझी भाषा अगदी गुळगुळीत झाली आहे, त्यातलं एकही वाक्य कामाला येईना. मी नुसती रडले. काकांना वाटलं काहीतरी अघटित घडलं, ते चप्पल शोधायला लागले. शेवटी मी सांगितलं, तेव्हा ते आत गेले, आईची फाईल काढली आणि शेवटच्या पानावर लिहिलं, 'कार्यवाही पूर्ण. नस्ती बंद.' ती फाईल त्यांनी आईला भेट दिली. ती आई पेन्शनच्या कागदांबरोबर ठेवते.

पुढे काका-काकू नागपूरला मुलीकडे राहायला गेले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी अकराला आई त्यांना फोन करायची. दोनदा करायची. "पहिला फोन त्या फोनला उठवायला, दुसरा भाऊंना," असं तिचं ठरलेलं. मग दोघं बोलायचे. मिरज, भंडारा, नवीन फायली. तीन मिनिटं झाली की आई म्हणायची, "भाऊ, तीन मिनिटं झाली."

पलीकडून उशिराने, पण न चुकता यायचं, "वाढवा, ताई."

दोन वर्षं हे चाललं. गेल्या उन्हाळ्यात काका गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. मुलीचा फोन आला तेव्हा आईने तो घेतला, सगळं ऐकलं, आणि पलीकडून फोन ठेवला गेल्यावरही ती तो कानाला लावून बसून राहिली.

त्यानंतर दोन रविवार आई अकरा वाजता नुसतीच बसली. तिसऱ्या रविवारी तिने फोन घेतला आणि काकांचा नंबर लावला. मी म्हटलं, "आई, आता कोण उचलणार गं?"  घंटा वाजत राहिली, वाजून थांबली. तिने पुन्हा लावला.

कोणीतरी उचलला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग काकूंचा आवाज आला.

"ताई? मला वाटलं, आता हा वाजणारच नाही."

"वहिनी, तुम्ही चालवता होय हा?"

"कुठलं चालवता येतंय मला! रोज चार्जिंगला लावते तेवढं. पोरगी म्हणते, आई, बंद करून ठेव. मी म्हटलं, मला बंद करता येत नाही." काकू थांबल्या. फोनला लागणारा वेळ होता तो की त्यांना लागलेला, कळलं नाही. "खरं सांगू ताई? येतं मला."

मग त्या दोघी बोलत राहिल्या. काकू झोपेबद्दल, जेवणाबद्दल, साडीच्या पिशवीची नाडी तुटली त्याबद्दल. आईची नजर घड्याळावर गेली. तीन मिनिटं झाली होती. मला वाटलं, आज ती काही म्हणणार नाही.

"वहिनी," आई म्हणाली, "तीन मिनिटं झाली."

पलीकडे शांतता होती. तो फोन होताच तसा, आवाज पोचायला वेळ घ्यायचा. आईने थांबायची सवय कधी सोडली नव्हती.

"वाढवा, ताई," काकू म्हणाल्या.